कानस घसरली की बोल्ट पास

परीक्षा घ्यायची हौस आपल्याला भारी. ती कशाची घ्यायची आणि कशासाठी, हे विचारायचं मात्र राहून जातं. सन एकोणीसशे पस्तीसच्या सुमाराला नंदुरबारच्या एका कापसाच्या जिन-प्रेसमध्ये नेमकं हेच चाललं होतं.

तिथला भिला मिस्त्री मूळचा कोरीटचा. शेती भावाकडे सोपवून हा यंत्रांत रमलेला. रुईच्या गाठी बांधणाऱ्या प्रेसचे बोल्ट निवडून बसवणं हे त्याचं काम. नवा बोल्ट आला की तो त्यावर कानस ओढायचा. कानस घसरली, ओरखडा उठला नाही, म्हणजे बोल्ट कठीण. आणि कठीण म्हणजे चांगला! कानशीने लोखंड खाल्लं, की तो बोल्ट भंगारात. काम झटपट व्हायचं आणि चार माणसं वर 'मिस्त्रीचा हात बघा' म्हणायची. अशी परीक्षा कुणाला आवडणार नाही?

त्या हंगामात वरच्या तुळईचा एक बोल्ट, प्रेस चालू असताना, डोक्याखाली तुटला. ते डोकं खाली आलं ते फुलीबाईच्या खांद्याला चाटून. फुलीबाई वर डोंगरातल्या काठीकडची. दरसाल नवऱ्याबरोबर मजुरीला खाली उतरायची आणि प्रेसच्या पेटीत रुई भरायची. खांदा सुजला, पण हाड वाचलं. भिलाने तशाच रीतीने पास केलेला दुसरा बोल्ट चढवला आणि तिला पुन्हा जागेवर बोलावलं.

"मी तठे नही उभी ऱ्हास," फुलीबाई म्हणाली.

"नवा बोल्ट शे बाई! कानस घसरनी त्यावर. काय व्हस नही."

"पहिलावर बी घसरनी व्हती ना, भाऊ?"

भिला चिडला. "काम करानं नशी, ते घर निंघी जाय!" त्याने सुनावलं.

चूक एकाची आणि शिक्षा दुसऱ्याला! मजूर घरी परतायचे ती होळी अजून लांब होती, आणि त्या बाईची हंगामाची मजुरी बुडाली.

दुसऱ्या दिवशी मालकाने तुटलेला बोल्ट दाखवायला नवलरावांना बोलावलं. नवलराव रेल्वेच्या कारखान्यात तयार झालेले इंजिनिअर. भिला आणि ते एका शाळेतले, त्यामुळे बोलणं घरच्यासारखंच झालं.

"भिला, कानशीनं तू काय तपासं?"

"बोल्ट कठीण शे का नही, ते."

"आनि प्रेसमा बोल्टनं काम काय? कानशीसंगे भांडानं?"

भिला हसला. नवलराव हसले नाहीत. "तुन्हा भाऊ बैल लेवाले जास, तवय काय करस? दात पाहीसन पैसा दी देस का?"

"असं कोन करी? दातवरतीन नुसती उमर समजस. खांदा पाहनं पडस, मंग जुपीसन भरेल गाडी वढाले लावनं पडस, चढवर बी..." बोलता बोलता भिला थांबला.

"बैलले जुपीसन पाहतस, आनि बोल्टना नुसता दात पाहस तू!"

नवलरावांनी पास झालेला एक बोल्ट वाइसच्या लोखंडी पकडीत आवळला आणि भिलाच्या हाती घण दिला. भिलाने घाव घातला. बोल्ट खडूसारखा तुटला! मग भंगारातला एक आवळला. तो वाकला, पण दोन घाव खाऊनही तुटला नाही.

भिला इतक्यात हार मानणारा नव्हता. "पन प्रेसमा कोन घण मारस? तठे नुसती वढ बसस."

"बरं, वढीसन पाहू."

जुन्या रुळाची तरफ केली, तिच्या लांब टोकाला रुईच्या गाठी टांगल्या आणि कठीण बोल्ट ताणला. त्याने ओढ सहज सोसली. "दखा, टिकना!" भिला खूश झाला. नवलराव त्याला तुळईवर घेऊन गेले. वर्षानुवर्षं झिजून तुळई तिरपी झाली होती आणि बोल्टचं डोकं एकाच कडेवर टेकत होतं. खाली येऊन त्यांनी डोक्याखाली वायसरची तिरपी चकती घातली आणि तसाच बोल्ट पुन्हा ताणला. निम्म्या गाठी चढायच्या आतच डोकं तुटलं! भंगारातल्या बोल्टचं डोकं कलतं झालं, पण धरून राहिलं. एक भंगारातला मात्र साध्या ओढीतच लांबत गेला. नवलराव म्हणाले, हा खरोखरच भंगार.

समजावताना नवलरावांना शाळेची मराठी आठवली. "कानस खोटं बोलत नाही, भिला. तिला जेवढं कळतं तेवढंच ती सांगते. या बोल्टला ओढ बसते, प्रेस सुटताना हिसका बसतो, डोकं तिरपं टेकतं. जे त्याला वर सोसायचं आहे, ते आधी खाली सोसायला लाव. तुळई तर पहिली सरळ कर."

भिला खाली बसला. त्याला मनापासून लाज वाटली. "मन्हा हाततीन त्या बाईना जीव जाता व्हता," तो म्हणाला, "आनि मी तिलेच घर निंघी जाय म्हनं!"

तो तडक मजुरांच्या झोपड्यांकडे गेला. फुलीबाई गाठोडं बांधत होती. "चुकी मन्ही व्हती," भिला सगळ्यांदेखत म्हणाला आणि तिला व तिच्या नवऱ्याला, करमसिंगला, प्रेसवर घेऊन आला. नवे पारखलेले बोल्ट तिच्यापुढे ठेवले. फुलीबाईने ते बराच वेळ बघितले आणि मधलाच एक उचलला.

"हाऊ. याले मार."

घण करमसिंगने घेतला. बोल्ट वाकला, तुटला नाही. फुलीबाईने तो हातात फिरवून पाहिला.

"मी ऱ्हास उभी," ती म्हणाली. "पन नवा बोल्ट उना, का आम्हले बलाव. पहिले आम्हना देखता मार, मंग वर लाव."

भिलाने मान डोलावली, आणि तुळई सरळ होईपर्यंत प्रेस बंद ठेवला. पुढे नवे बोल्ट आले, की मजूर बायांना बोलावल्याशिवाय त्याने एकही वर चढवला नाही.

वाचकहो, सोयीची परीक्षा घेणं सोपं असतं, कारण ती चुकली तर मार दुसऱ्यालाच बसतो. वस्तू असो की माणूस, ज्या कामाला लावायचं त्याच कामाने पारखा. आणि परीक्षा पुरेशी झाली का, हे घेणाऱ्याने एकट्याने ठरवू नये. जो खाली उभा राहणार आहे, त्याला विचारावं.