टेबलाच्या भांडणात सापडलेला पंप

मित्रांनो, मी एक जुना पंप आहे आणि माणसांबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. पुढचं ऐकल्यावर तुमचंही राहणार नाही.

कारखान्यात मला एकच काम शिकवलं गेलं. अंगावरून गेलेली मऊ नळी फिरत्या रुळांनी दाबायची आणि आतलं पाणी पुढे ढकलायचं. मग मला एका प्रयोगशाळेत आणलं. तिथे उंदराच्या मेंदूचा नखाहून पातळ काप एका छोट्या वाटीत ठेवत. प्राणवायू मिसळलेलं खारं पाणी सतत मिळालं तर तो काप काही तास जगतो, नाहीतर मरतो. ते पाणी मी पाजत असे. सुरुवातीला माझं काय कौतुक! "असा पंप पुन्हा मिळायचा नाही," असं तिथले सर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत.

पुढे सरांच्या हाताखाली दोन संशोधक आले. सर त्यांना थोरली आणि धाकटा म्हणत, पण भावंडांचं प्रेम त्यांच्यात औषधालाही नव्हतं. दोघांना मिळून एकच टेबल होतं. थोरलीने त्याच्या मधोमध चिकटपट्टी लावली. धाकटा आपला चहाचा पेला बरोब्बर त्या पट्टीला टेकवून ठेवायचा, मुद्दाम.

थोरलीचा सगळा प्रबंध एका प्रश्नावर उभा होता: दोन औषधांपैकी कोणतं मेंदूच्या पेशींना शांत करतं? हाताने तोट्या फिरवून ती कंटाळली, म्हणून सरांनी स्वयंचलित पेटी मागवली. संगणकाने हुकूम दिला की पेटीतली झडप उघडते आणि औषध बदलतं. ती जोडायचं काम धाकट्याकडे आलं.

"पेटी वाटीजवळ ठेव," थोरली म्हणाली.

"ती तुझी बाजू, ताई. तिथे हात लावायचा नाही, तूच सांगितलंयस."

"मग ठेव तुझ्या डोक्यावर."

त्याने ती टेबलाच्या आपल्या टोकाला ठेवली आणि तिथून माझ्यापर्यंत दोन हात लांब, जाड नळी टाकली. शिकलेली माणसं ही, बरं का.

वर्षभर मी राबलो. संगणक दर काही मिनिटांनी औषध बदलायचा. पण पहिलं औषध त्या लांबलचक नळीतून कापापर्यंत पोचेपर्यंत संगणकाने दुसरं सुरू झाल्याची नोंद केलेली असायची. पहिल्याचं काम दुसऱ्याच्या नावावर जमा होत होतं. मला सगळं कळत होतं, पण पंपाला विचारतो कोण? दुसरं औषध गुणकारी ठरलं, सर खूश झाले आणि प्रबंध लिहून होत आला.

शेवटची खात्री म्हणून थोरलीने एक दिवस नुसतं दुसरंच औषध सोडलं. पेशींवर काही परिणाम नाही.

"भंगार झालाय हा पंप, औषध पोचवतच नाही," ती म्हणाली आणि तिने मला थप्पड मारली. वर्षभरात माझी नळी कोणी बदलली नव्हती, रात्री सैलसुद्धा केली नव्हती, तरी मी वेग सोडला नव्हता. मला त्या बाईचा मनस्वी राग आला. माझा गुन्हा धाकट्यासमोर सिद्ध करायला तिने पेटीत पहिल्या औषधाच्या जागी निळं पाणी भरलं आणि नेहमीचाच कार्यक्रम लावला.

पहिली झडप उघडली. निळं पाणी नळीतून सरपटत निघालं. मी ठरल्या वेगानेच ढकलत होतो. दुसरी झडप उघडली, संगणकाने तशी नोंद केली, आणि त्यानंतर कुठे वाटीत निळा धागा उतरला.

दोघांनाही कळलं. धाकट्याचा चेहरा उतरला.

"सरांना सांगायलाच पाहिजे का, ताई? पंप बिघडला होता म्हणू. बाकीचे आलेख चांगले आहेत."

"चांगले नाहीत, खोटे आहेत. पेटी तू लांब ठेवलीस."

"तू ठेवू दिली नाहीस."

"हो," ती म्हणाली. "तेही सांगते त्यांना."

तिने कात्रीने ती नळी कापली आणि ती हातात घेऊन सरांच्या खोलीत गेली. तिचं अख्खं वर्ष पाण्यात गेलं होतं.

मित्रांनो, तिने माझी माफी मागितली नाही आणि मीही तिला माफ केलेलं नाही. काम संपलं की माझी नळी सैल करा, झिजली की बदला, एवढंच माझं मागणं आहे. माझं काय, मला नवी नळी मिळते. थोरलीलाही नवं वर्ष मिळेल. पण त्या वर्षी मी पाजलेल्या प्रत्येक कापामागे एक उंदीर होता. टेबलाची कोणती बाजू कोणाची, याच्याशी त्याचं काही देणंघेणं नव्हतं, आणि मेला मात्र तोच.