अकरा-अकराची खरेदी

सोमवारी सव्वानऊला शेअर बाजार उघडला आणि अरविंद खासनीसचं नाव एका सिमेंट कंपनीच्या आणि एका पंपवाल्या कंपनीच्या मधोमध यादीत आलं. भाव एकशे चाळीस.

"आज लिस्टिंग होतं होय तुमचं? बोलला नाहीत," शेजारच्या खुर्चीवरचा गुळवे म्हणाला आणि चहा प्यायला लागला.

सांगलीच्या त्या ब्रोकरच्या ऑफिसात अरविंद सव्वीस वर्षं टिकला होता, तो केवळ संशयाच्या जोरावर. वर जाणाऱ्या प्रत्येक शेअरमध्ये त्याला काहीतरी काळंबेरं दिसायचं. दहाच्या सुमारास त्याचा स्वतःचाच भाव वर सरकू लागला, तेव्हा त्याचे कान टवकारले. आपल्याला कोण कशाला घेईल? रक्तातली साखर वाढलेली, गुडघे कामातून गेलेले, सख्ख्या भावाशी नऊ वर्षं बोलणं नाही. आतली बातमी त्याच्याएवढी कोणाला ठाऊक असणार! मग त्यानं नेहमीचंच केलं. स्वतःचा एकही शेअर हातात नसताना दोनशे शेअर विकून टाकले. भाव पडला की स्वस्तात परत घ्यायचे आणि साडेतीनला बाजार बंद व्हायच्या आत मोकळं व्हायचं, एवढंच.

भाव पडला नाही. कोणीतरी अकरा-अकरा शेअर उचलत होतं. बडा खरेदीदार कोणाच्या डोळ्यांवर येऊ नये म्हणून असाच चोरपावलांनी घेतो, ही चाल अरविंदला पाठ होती. दर खरेदीला त्याचं अंग थोडं आकसायचं. अकराला मनगटावरचं घड्याळ गळून पडलं. बारापर्यंत पाय जमिनीला टेकेनात.

"गुळवे, खरं सांगा. तुम्ही घेताय मला?"

"छे हो! माझे सगळे पैसे पंपात अडकलेत." गुळवेनं त्याला स्क्रीन दिसावा म्हणून खाली दोन जाड फाइली सरकवल्या.

दोनला वरचं सर्किट लागलं. भाव एका दिवसात जाऊ शकतो तेवढा वर जाऊन बसला आणि विकणारा जवळजवळ उरला नाही; चुकून कोणी आलाच तर रांगेत पुढे असलेला तो अकरावालाच उचलायचा.

"आता काय करायचं हो, गुळवे?"

"आता काय? परत मिळाला नाही तर माल द्यावा लागणार, म्हणजे तुम्हीच. ज्यानं घेतला त्याला."

सव्वीस वर्षांत अरविंदला पहिल्यांदाच खरी भीती वाटली. शर्टाच्या बाह्या दुमडत तो घरी निघाला. त्याचा हात बेलपर्यंत पोचेना, पण दार उघडंच होतं.

त्याची बायको शैलजा टेबलाशी लसूण सोलत होती. मधूनच ती करंगळीनं मोबाइलवर टिचकी मारी. तिनं टिचकी मारली आणि अरविंदचा चष्मा नाकावरून घसरला.

"तू?"

"थोडे थोडे घेत होते. बाजारात कोणाच्याही हाती लागला असतात, अहो."

"अगं, मग दोनशे वीक मला. आत्ताच्या आत्ता. मी सुटतो."

तिनं त्याच्याकडे निरखून पाहिलं. इतकी वर्षं तो जगाकडे ज्या नजरेनं बघत आला होता, तीच ती नजर.

"पडाल म्हणून विकलंत ना स्वतःला?"

"चुकलं माझं."

"उद्या परत विकाल. मी नाही देणार."

साडेतीनला दोन मिनिटं होती. तिनं हात धुतले, पदराला पुसले आणि त्याला अलगद उचललं. लोखंडी कपाटाचा खालचा खण तिनं रिकामा करून ठेवला होता. आत धुतलेली चादर अंथरली होती.

"पाय जरा पोटाशी घ्या," ती म्हणाली.