वास नसलेली माती

सुगंधाकाकूंनी स्टीलचा डबा टेबलावर ठेवला. त्यात हिरवट, मऊ भुकटी होती. मोरवा गावात त्यांच्या अंगणात एका ट्रकवाल्याने भरणीची माती म्हणून ती फुकट ओतली होती. कडेलाच विहीर, आणि अख्खी आळी तिचंच पाणी पिणारी.

"बाय, तीस वरसं सुकी मासली इकते मी. खराब जिन्नस पयला नाकाला कलतो. याला वासच न्हाय. मंग इख कसलं?"

काशीगावातल्या छोट्या प्रयोगशाळेत नमुने तपासणाऱ्या मनालीने डब्यावर चिठ्ठी चिकटवली.

"काकू, तुमच्या बोंबलाने अख्खी रिक्षा घमघमते, तरी कायदा त्याला घातक म्हणत नाही. कायदा नाकाला विचारतच नाही. विचारतो, पेटतं का? कातडी-लोखंड खातं का? पाणी लागलं की भडकतं का? आणि झिरपत्या पाण्यात काय सोडतं?"

पहिल्या तिन्हींचं उत्तर 'नाही' आलं. चौथ्यासाठी तिने भुकटी बाटलीत घेतली, वर व्हिनेगरसारखं सौम्य आम्ल ओतलं आणि बाटली यंत्राला बांधली. अठरा तास ती उलटसुलट फिरत राहिली. कुजत्या कचऱ्याचं आंबट पाणी मातीतून वर्षानुवर्षं जे ओढून नेतं, ते एका दिवसात.

दुसऱ्या दिवशी काकू विहिरीचं पाणी घेऊन आल्या. मनालीने दोन नळ्या भरल्या, एकीत बाटलीतला गाळलेला अर्क, दुसरीत विहीर. दोन्ही काचेसारख्या स्वच्छ. पहिलीत तिने रसायनाचा थेंब सोडला.

नळी पिकल्या जांभळाच्या रंगाची झाली.

"आई गं!" काकूंचा हात तोंडावर गेला.

मनालीने हे शेकडो वेळा पाहिलं होतं, तरी तिने नळी उजेडासमोर धरली. मुका धातू एका थेंबाने बोलला होता.

"क्रोमियम, तेही विषारी रूपातलं. लोखंडाला मुलामा देतात त्या प्लेटिंगच्या टाकीतला गाळ असावा. नेमका आकडा मशीन देईल."

मग दुसरी नळी. थेंब पडला. दोघी नळीकडे बघत उभ्या राहिल्या. पाच मिनिटं. दहा.

पाणी पाण्यासारखंच राहिलं.

"पोचलं न्हाय?"

"आपल्याला दिसेल इतकं तरी नाही. आज नाही. पण पाऊस आला तर सांगता येणार नाही."

काकूंनी जांभळी नळी हलकेच नाकाजवळ नेली. जुनी सवय. मनालीने पटकन हात धरला.

"हुंगायचं नाही, काकू."

त्यांनी मान डोलावली आणि घरी मुलाला फोन लावला. "सार्थक, भरणीवर ताडपत्री टाक. आत्ताच. न् अख्ख्या आलीत सांग, ती उचलेपर्यंत इहिरीला कलशी लावायची न्हाय." पलीकडून त्याने वासाचं विचारलं तशा त्या म्हणाल्या, "वास न्हाय रं. डोल्यांनी बगितलंय."