दीपमालाचं नाव कोरलेलं ताट

मी दीपमालाच्या रुखवतातलं स्टीलचं ताट बोलतंय. कळंबच्या भांड्यांच्या दुकानात माझ्या काठावर टकटक करून तिचं नाव कोरलं, तेव्हा वाटलं, आता हीच आपल्यात जेवणार. कसलं काय! सासरी आल्यावर माझ्यात सासरे जेवले, नवरा जेवला, पाव्हणे जेवले, एकदा तर जीपचा ड्रायव्हर जेवला. दीपमाला तेवढी राहिली.

ती जेवायची सगळ्यांचं उरकल्यावर, पातेल्यातच. तळाचा भात, अन् लेकीनं, अर्पितानं टाकलेला दूध-साखर-पोळीचा काला. अन्न वाया जाऊ नये म्हणूनच देवानं सुनेला पोट दिलंय, अशी या घराची पक्की समजूत.

मग तिची पाळी चार-चार महिने येईना. वजन वाढलं. हनुवटीवर केस आले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पीसीओएस आहे. साखर, भात कमी करा. भाकरी, डाळ, भाजी वेळेवर खा. रोज चाला. उपाशी मात्र राहायचं नाही."

दीपमालाची आई साखरेच्या आजारानं गेलेली. ती लई घाबरली. लेकरू लहान होतं ना.

सासूबाई, सारजाबाई, डॉक्टरणीहून हुशार. "येडाईदेवीचे मंगळवार-शुक्रवार धर. वजन बी उतरंल, पुण्य बी लागंल."

उपवास म्हणजे काय, तर साबुदाणा, बटाटा, शेंगदाण्याचे लाडू अन् वर गोड चहा. एवढं "उपाशी" राहून सून वाळंना, याचं सारजाबाईंना मोठं नवल! चालायला निघाली, तर नवरा कुलदीप म्हणाला, "रस्त्यानं कुणाला दाखवायला चाललीस?"

पुन्हा तपासलं, तर वजन वाढलेलं, अन् रक्तातली साखर अगदी काठावर.

त्याच संध्याकाळी तिनं मला मांडणीतून काढलं. ज्वारीची भाकरी, घट्ट वरण, मेथी, काकडी वाढली अन् सगळ्यांच्या पंगतीला बसली.

"अगं, माणसं जेवायची हायत अजून!" सारजाबाई ओरडल्या.

"बसा की आत्या. भाकरी गरम हाय तवर खाऊ."

कुलदीपनं इकडंतिकडं बघितलं. "माझं ताट?"

"मांडणीत हाय."

तो उठला. मांडणी कुठल्या भिंतीला हाय, हे त्या दिवशी त्याला कळलं.

सारजाबाई अजून फुगूनच हायत. दीपमालाचं वजन उतरंल का, पाळी येईल का, मला ठाऊक नाही. मी आपलं ताट. पण माझं एवढं ऐका. उद्या पाव्हणा आला, तर त्याला दुसरं ताट द्या. घरात ताटं लई हायत. अर्पिताला आई एकच हाय.