फळ्याचा एक गुण

‘हाय’ नव्हे, ‘आहे’. अर्धा गुण गेला. अण्णाप्पा मास्तरांनी मागच्या बाकावर बसल्या बसल्या तांबड्या पेन्सिलीनं वहीत बारीक रेघ ओढली.

स्वराज्य आलं, गावोगाव शाळा निघाल्या आणि शिकवणारे कमी पडले. मग मिळेल त्याला सांगलीच्या या वर्गात आणायचं, दोन महिने घोटायचं आणि मास्तर करून पाठवायचं, असं ठरलं. घोटायला अण्णाप्पा. त्यांच्या लेखी माणूस म्हणजे पन्नास गुण. त्यातून वजा करत जायचं. प्रस्तावना लांबली, दोन गेले. पोरांकडं पाठ केली, एक गेला. शेवटी फळा पुसला नाही, एक गेला. बायकोच्या आमटीलाही त्यांनी कधी चाळीसच्या वर दिले नसतील, असं लोक म्हणत.

आज शाळेतल्या मुलींपुढं परीक्षेचा पाठ होता मनुबाईचा. कुंडलची, पंचविशीतली. नवरा पलटणीत होता, तो लढाईत इटलीत पडला. पास झाली तर कडेगावला मुलींच्या शाळेत नेमणूक. नापास झाली तर दिराच्या घरी, चुलीपुढं.

“पास करा म्हणत न्हाई, मास्तर,” ती सकाळीच म्हणाली होती. “पर जरा नीट बघा.”

“नीट बघतो, हीच तर लोकांची तक्रार आहे.”

चिठ्ठीत विषय निघाला होता पत्रलेखन. पाठाच्या टाचणात तिनं नमुन्याला मामाचा पत्ता काढला होता. पण खडू फळ्याला टेकला आणि हात जुन्या वाटेनं गेला. आधी नंबर, मग शिपाई मानसिंग जोतिबा पवार, मग पलटण, कंपनी. अक्षर टपोरं, ओळ सरळ. मास्तरांनी टाचण ताडून पाहिलं. तीन गुण गेले.

पुढची पायरी आदर्श वाचन. लिहिलेलं मोठ्यानं वाचून दाखवायचं.

मनुबाईनं नावावर बोट ठेवलं.

“वाचा की वं बाई!” पुढच्या बाकावरची चंदनबाला म्हणाली.

“बाईस्नीच वाचाय येईना!” मागून कुणीतरी खिदळलं.

मनुबाईचे ओठ हलले, आवाज फुटला नाही. मास्तरांची पेन्सिलही थांबली. नवऱ्याचं नाव बाई तोंडानं घेत नाही. लग्नात उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. लिहायला मात्र कुणाची बंदी नव्हती. वर्गात आली त्या दिवशी त्यांनी विचारलं होतं, लिहायला कशासाठी शिकलात? “पत्तर लिवाय. दुसऱ्याकडनं लिवून घ्यायची लाज वाटायची,” ती म्हणाली होती. “शेवटचं परत आलं.”

वाचन नाही. पाच गुण.

घंटा झाली, मुली पळाल्या. मास्तरांनी बेरीज केली, पुन्हा केली. वीस. पासाला वीसच लागत. त्यांना उगीच हायसं वाटलं.

“मनुबाई, फळा राहिला.”

तिनं फडकं उचललं, हात वर नेला आणि तशीच उभी राहिली. मग फडकं घडी घालून टेबलावर ठेवलं.

“त्ये माज्या हातनं व्हायचं न्हाई, मास्तर. एक गुण कापा.”

“एका गुणानं काय होईल ते ठाऊक आहे का?”

“हाय की. दोन म्हैनं तुमच्याच हाताखाली शिकले.”

तिनं नमस्कार केला, दाराबाहेरच्या वहाणा पायात सरकवल्या आणि ती गेली.

अकरा वर्षांच्या मास्तरकीत त्यांनी फळ्याचा गुण कुणाला सोडला नव्हता. एकोणीस लिहिलं. आकडा जरा वाकडा आला.

पुढचा पाठ मनुबाईबरोबर शिकणाऱ्या गुणमालाचा, भूगोलाचा. ती लगबगीनं आली आणि फडक्याला हात घातला.

“ऱ्हाऊ दे ते,” मास्तर म्हणाले. स्वतःची भाषा कुठं घसरली, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. “उरलेल्या अर्ध्या फळ्यावर काढा.”

“पण मास्तर, फळा स्वच्छ नसला तर एक गुण...”

“काढा म्हणतो ना.”

गुणमालानं अंग चोरून नकाशा काढायला घेतला. महाबळेश्वरातून निघालेली तिची कृष्णा साताऱ्यावरून खाली आली आणि त्या पत्त्यापाशी येऊन थांबली.