मिठाचं कडं

कोल्ह्याने रुपेर्ताच्या सगळ्या कोंबड्या फस्त केल्या. तिच्या आईपासून चालत आलेल्या, निळी अंडी घालणाऱ्या कोंबड्यांचं काय उरलं, तर टोपलीतली अकरा अंडी. ती उबली नाहीत तर वंशच बुडणार होता. अंगणापलीकडे वेगळी चूल मांडलेली तिची सून नेल्दा कुठूनसं उबवणी यंत्र मागून घेऊन आली, आणि वीस दिवस दोघी त्याच्याकडे डोळे लावून बसल्या.

एकविसाव्या दिवशी दहा पिल्लं बाहेर आली. अकराव्या अंड्याला नुसती चीर. त्याच संध्याकाळी घरावरून तुए-तुए ओरडत गेला. तो पक्षी नव्हे, चेटक्याचं उडतं मुंडकं, हे आमच्या काउतीनच्या खोऱ्यात शेंबडं पोरही जाणतं. रुपेर्ता दारातून ओरडली, "उद्या ये, मीठ देते!" सकाळी जो सगळ्यात आधी मीठ मागायला येतो, तोच तो चेटक्या.

सकाळी वाटी घेऊन नेल्दा आली. "सासूबाई, जरा मीठ द्या हो. बटाटे अळणीच उकडतायत."

रुपेर्ताने चिमूटभर मीठ तिच्या वाटीत टाकलं. पाच वर्षं पोटच्या पोरीसारखी वागवलेली सून!

नेल्दाने यंत्राच्या काचेला नाक लावलं. "चार अजून ओली आहेत. झाकण उघडू नका हं. वाफ गेली तर अंड्यातल्याला पापुद्रा आवळून धरेल. सगळी सुकून फुगली की मगच बल्बखालच्या खोक्यात ठेवायची."

"तोवर उपाशी मरतील की!"

"कुठली मरतायत! पोटात बलक आहे त्यांच्या. दोन दिवस काही लागत नाही. भारीच घाई बाई तुम्हाला!"

कालपर्यंत रुपेर्ताला हे बोलणं पटत होतं. आज वाटलं, हिला ती आत कोंडूनच मारायची आहेत.

नेल्दाची पाठ वळताच तिने झाकण उघडलं. भसकन वाफ निघून गेली. दहाही पिल्लं तिने भुसा घातलेल्या खोक्यात, बल्बखाली सोडली, आणि घरात होतं तेवढं मीठ ओतून भोवती कडं केलं; चेटूक मीठ ओलांडत नाही म्हणतात. बाई खुळी नव्हती, घाबरली होती.

ओली चार पिल्लं कुडकुडत दुपारपर्यंत गेली. चिरेतली चोच उन्हं कलताना हलायची थांबली. पापुद्रा तिच्यावर कागदासारखा चिकटला होता. सुनेचं ऐकलं असतं तर, म्हणत रुपेर्ता ढसाढसा रडली.

संध्याकाळी तुए-तुए पुन्हा ओरडला. या वेळी अंगणापलीकडून नेल्दाचा आवाज आला, "उद्या ये, मीठ देते!"

सकाळी रुपेर्ताने बटाटे चढवले आणि मिठाचा डबा उघडला. रिकामा. सुनेची माफी तर मागायचीच होती. वाटी उचलून ती तशीच अंगण ओलांडून गेली.

"नेल्दा, जरा मीठ दे गं," ती बोलून गेली, आणि मग तिच्या लक्षात आलं.

नेल्दा उंबऱ्याच्या आतच थांबली. हात लांब करून तिने वाटी काठोकाठ भरली.

"पिल्लं किती राहिली, सासूबाई?"

"सहा."

"दहा होती ना?"

'मी नाही गं ती,' हे रुपेर्ताच्या अगदी ओठांवर आलं. पण खरीच चेटकीण असती, तरी तीही हेच म्हणाली असती. नेल्दाने दार लावून घेतलं.