तुळतुळीतरावांची पहिली कटिंग

तुळतुळीतरावांच्या माथ्यावर केस नव्हता आणि जिभेला हाड नव्हतं. धंदा मात्र केस कापण्याचा. मागे या कानापासून त्या कानापर्यंत तेवढी एक झालर उगवायची, तीही ते रोज सकाळी हाताने चाचपत स्वतःच घोटून काढत. त्यामुळे गेल्या कित्येक वर्षांत त्यांच्या डोक्याला दुसऱ्या कारागिराचा हात लागला नव्हता, आणि याचा त्यांना भारी माज.

त्यांच्या सलूनसमोर, रस्त्यापलीकडे, झुलपेवाल्याचं सलून. दुपारी ऊन कललं की तुळतुळीतरावांच्या टकलावरून उसळलेला उजेड थेट झुलपेवाल्याच्या आरशात शिरायचा, म्हणून त्याने दुपारचा दिवा कधी लावलाच नाही. खोटं वाटत असेल तर सोडून द्या. पुढचं याहून खरं आहे.

झुलपेवाला म्हणजे कपाळावर दाट झुलपं सोडून दारात उभा राहणारा इसम. हातात कसब बेताचंच, पण गिऱ्हाईक झुलपांकडे बघून आत शिरायचं. लोकांना अक्कल असती तर निम्मे धंदे बंद पडले असते. एकदा त्याने भर रस्त्यात हाक दिली, "काय हो मालक, तुमच्याकडे येणाऱ्याला नमुना म्हणून काय दाखवता? डोकं की गुडघा?"

सगळा रस्ता हसला. तुळतुळीतरावांच्या खुर्चीतलं गिऱ्हाईकही हसलं, तेही गालाला वस्तरा टेकलेला असताना.

त्याच आठवड्यात तुळतुळीतराव डॉक्टरकडून केस लावून आले. डॉक्टरांनी मागच्या झालरीतली मुळं उचलून माथ्यावर लावली आणि बजावलं, "महिनाभर कात्री, मशीन, वस्तरा, काही म्हणजे काही लावायचं नाही. महिन्यानंतर कात्री चालेल, तीही हलक्या हाताने. वरच्या भागाला मशीन आणि वस्तरा सहा महिने तरी नाही, आणि तेव्हाही आधी मला डोकं दाखवायचं. लावलेले केस सुरुवातीला गळतील. घाबरू नका. मुळं आत असतात, तीन-चार महिन्यांत नवे फुटू लागतात."

"डॉक्टर, केसांचं मला सांगता? दोनदा गोटा केला की केस दाट येतात, हे शेंबड्या पोरालाही कळतं!"

"पोराला कळू द्या. तुम्ही वस्तरा लावू नका."

घरी बायकोनेही सुनावलं, "अहो, जगाची डोकी भादरता ना? हे एक तेवढं सोडा."

केस गळले. समोरून आवाज आला, "पीक बुडालं वाटतं!" तुळतुळीतराव टोपीआड दात-ओठ खात बसले. मग डॉक्टरांच्या शब्दाला जागून केस पुन्हा फुटले. आधी वाकडे, मग राठ, मग चांगले वाढते. महिना उलटल्यापासून कात्रीची परवानगी होतीच, पण हा माणूस आता केसांना केस म्हणेना. 'आमची मंडळी' म्हणायचा. मंडळींना कात्री कशी लावायची? मागची झालरही त्यांनी लाडाने वाढू दिली. सहा महिन्यांनी डोकं असं दिसू लागलं, जशी उसवलेली गादी. एक चिमणी रोज येऊन जागा बघून जायची.

चिमणी यायची, पण गिऱ्हाईक येईना. दारापर्यंत येऊन माणसं मालकाच्या डोक्याकडे बघत, "सहज चाललो होतो," म्हणत, आणि रस्ता ओलांडत. एके दिवशी तर दिवसभरात एकच माणूस आत आला, आणि त्याने सुटे मागितले.

"दुकान बुडवून डोकं वाढवताय," बायको म्हणाली. "कापा ते आधी!"

ते डॉक्टरकडे गेले. डॉक्टरांनी डोकं तपासलं. "आता खुशाल कापा. कात्री लावा, मशीन लावा."

परवानगी खिशात घालून तुळतुळीतराव दुकानात आले, कात्री उचलली, आरशासमोर उभे राहिले, आणि तेव्हा कुठे त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. कापणार कोण? झालर चाचपून घोटणं वेगळं आणि पाठमोऱ्या डोक्याला आकार देणं वेगळं. हाताखाली कारागीर एकही टिकला नव्हता. मालकाची जीभ ऐकून सगळे पळालेले. दोन आरसे धरून पाहिले, तर कात्री डावीकडे न्यावी आणि कचकन उजवीकडे चालावी. कानाच्या पाळीवर निभावलं.

मग ते टोपी घालून पार लांबच्या वस्तीत गेले. तिथल्या सलूनवाल्याला म्हणाले, "मी शाळामास्तर आहे." छान चाललं होतं. डावी बाजू सुरेख उतरली. पण जिभेला राहवलं नाही.

"कात्री अशी धरतात? आणि हा कंगवा आहे की गवत ओढायचं दाताळं?"

त्या भल्या माणसाने अंगावरचं कापड काढलं, झटकलं, आणि दार दाखवलं. "मास्तर, उजवी बाजू शाळेत कापून घ्या."

अर्धं डोकं कापलेलं, अर्धं जंगल. असं डोकं घेऊन दुकान उघडलं तर उरलंसुरलं गिऱ्हाईकही संपलं. दुसऱ्या दिवशी तुळतुळीतरावांनी रस्ता ओलांडला. अख्खा रस्ता बघत होता.

"या मालक, या!" झुलपेवाला खुर्ची झटकत म्हणाला. "उजवीकडचं कापू, की डावीकडचं परत लावू?"

"तोंड आवर आणि हात चालव."

"वर मशीन चालेल ना? नाहीतर खापर माझ्यावर फुटायचं."

"चालेल. डॉक्टरांनी सांगितलंय."

झुलपेवाल्याने उजवी बाजू उतरवली आणि मानेवर वस्तरा टेकवला. नेमका तेव्हाच कोपऱ्यातला पंखा वळला. झुलपं उचलली गेली, एका बाजूला कलली आणि कानावर लोंबू लागली. आरशात तुळतुळीतरावांना दिसलं, खाली गुळगुळीत गुडघा!

तुळतुळीतराव आयुष्यात पहिल्यांदा गप्प बसले. मोठेपणा वगैरे काही नाही. मानेवर वस्तरा होता.

झुलपेवाल्याने केसांचा टोप सरळ केला आणि कानाशी लागून विचारलं, "डॉक्टरचा पत्ता मिळेल?"

"मिळेल. आधी मान पुरी कर."

पुढे झुलपेवाल्याचं दुकान काही दिवस बंद होतं. बाहेरगावी गेलाय, असं त्याची बायको सांगायची. परतला तो टोपी घालून. महिना भरताच मागची वाढलेली झालर कापून घ्यायला गुपचूप रस्ता ओलांडून आला. तुळतुळीतराव मान वर करून म्हणाले, "कात्री चालेल, हलक्या हाताने. मशीन मागशील तर हाकलून देईन. त्यासाठी सहा महिने भरल्यावर ये." जसं काही मुळं यांनीच लावली होती!

तेव्हापासून दोघं पडदा ओढून एकमेकांचे केस कापतात. दोघांनाही एकच धास्ती, समोरचा आपल्याहून देखणा दिसता कामा नये. म्हणून हा त्याच्या मागे खाच पाडतो, तो याच्या कानावर पायऱ्या काढतो. दोघांचीही डोकी उंदरांनी कुरतडल्यासारखी. गिऱ्हाईक आधी या दारात थबकतं, मग त्या दारात, आणि वळून कोपऱ्यावरच्या नव्या सलूनमध्ये जातं.

तिथला कारागीर, म्हणे, ठार टकला आहे. लोक म्हणतात, बरंच आहे की! त्याचं लक्ष निदान आपल्या डोक्यावर तरी असतं.